बेंदरापर्यंत माळ बंद: आळीपाळीच्या चराईने कुरणाच्या मातीत कर्ब कसा वाढवायचा

मृगाचे दोन सडे पडले की माळावर हिरवी झाक येते, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या वस्तीची गुरं माळावर दिसतात. उन्हाळाभर कडबा चघळून कंटाळलेलं जनावर कोवळ्या कोंबावर तुटून पडतं. आपल्यालाही बरं वाटतं, कारण कडब्याची गंजी तोवर तळाला टेकलेली असते. पण माळाचं जे काही वाटोळं होतं, ते बहुतेक याच तीन-चार आठवड्यांत होतं.

आळीपाळीची चराई म्हणजे माळाचे कप्पे पाडून गुरं पाळीपाळीने एकेका कप्प्यात चारणं. तिच्यावर लिहिलेलं बरंचसं साहित्य न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका इथलं आहे. तिथं गवत सहा-आठ महिने वाढतं, म्हणून कळप कुठे आणि किती दिवसांनी हलवायचा यावर सगळा भर असतो. आपल्या माणदेशात, सांगोल्यात, आटपाडीत, पारनेर-कर्जतकडे गवत वाढतं जेमतेम तीन-साडेतीन महिने. पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी, आणि माणमध्ये तर खरा पाऊस बहुधा परतीचा. इथे कळप हलवण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाचं आहे ते माळाला विश्रांती कधी द्यायची हे. कोरड्या आठ महिन्यांत दिलेल्या विश्रांतीने गवत वाढत नाही, कारण तेव्हा ते झोपलेलंच असतं. विश्रांती पावसाळ्यातच पडली पाहिजे.

कर्ब येतो मुळांतून

जनावरांच्या खुरांनी आणि शेणाने मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, वाढतो असं सांगितलं जातं. शेणाचा वाटा आहेच, पण जनावर नवा कर्ब तयार करत नाही. त्याने खाल्लेल्या गवतातला बराचसा कर्ब श्वासावाटे हवेत परत जातो आणि उरलेला शेणातून जमिनीवर येतो. हवेतला कर्ब खाली आणतं ते पान, आणि मातीत पोचवतं ते मूळ. मुळांतून पाझरणारी साखर, मुळांभोवतीची बुरशी आणि दरवर्षी मरून कुजणारी बारीक मुळं, मुख्यतः यातूनच मातीतला टिकाऊ सेंद्रिय कर्ब बनतो.

म्हणून किती पान खाल्लं जातं हा कळीचा प्रश्न. अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांचे गवत कापण्याचे प्रयोग १९५५ साली प्रसिद्ध झाले. निम्मं पान कापलं तर मुळांची वाढ जवळजवळ थांबत नाही. ८० टक्के कापलं तर ती पूर्ण थांबते, आणि पुन्हा सुरू व्हायला बारा-एक दिवस जातात. आता मृगातला कोंब आठवा. तो दर दोन-तीन दिवसांनी जमिनीलगत ओरबाडला जातो, म्हणजे मुळं पूर्ण पावसाळाभर थांबलेलीच राहतात. मुळं उथळ झाली की पवना आणि मारवेल ही चांगली गवतं जातात, मागे राहते कुसळ. मग कुसळही विरळ होते आणि तरवड, टणटणी, गाजरगवत वर येतं.

"निम्मं खा, निम्मं ठेवा" हा या लेखातला सगळ्यात कामाचा नियम. बाकीचं सगळं तो पाळता यावा म्हणून.

आधी जमीन कुठली आहे ते पाहा

माळ तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून असेल तर प्रश्न सोपा. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि सगळ्या वस्त्या तयार नसतील तर कप्पे पाडण्याच्या फंदात पडू नका. वनखात्याची जमीन असेल तर परवानगीशिवाय चराईही नाही आणि बी टाकणंही नाही. गायरानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले आहेत. गावात वाद निघाला तर ग्रामसेवकासमोर हा निकाल उपयोगी पडतो.

दुसरी पाहणी माळाच्या तब्येतीची. दहा वेगवेगळ्या जागी दहा-दहा पावलं चाला आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते मोजा: गवताचा ठोंब, वाळकं पान, की उघडी माती आणि गोटे. शंभर पावलांतली साठ-सत्तर उघड्यावर पडत असतील तर आळीपाळीची चराई अजून तुमच्यासाठी नाही. अशा माळाला आधी दोन-तीन वर्षं पूर्ण चराईबंदीच हवी. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी इथे गावाने हेच केलं: गुरं आत सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी न्यायचं. हे शिस्तीचं काम आहे आणि पहिल्या वर्षी घरात भांडणं होतात. पण मेलेल्या माळावर कप्पे पाडून चारणं म्हणजे उपाशी बैलाला पाळीपाळीने औताला जुंपणं.

गवताचे ठोंब अजून जागोजाग आहेत, फक्त खुरटलेत, अशा माळासाठी पुढचं सगळं.

मातीचा नमुना, काही करण्याआधी

हे काम बहुतेक लोक टाळतात आणि मग पाच वर्षांनी "कर्ब वाढला का?" याला उत्तर नसतं.

नमुना मे महिन्यात, पावसाआधी घ्या, आणि पुढच्या खेपेलाही मेमध्येच. माळ एकसारखा नसतो. वरचा मुरमाड उतार, मधला पट्टा आणि खालची थोडी काळसर खोल जमीन असे भाग वेगळे धरा आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा काढा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचं वाळकं गवत आणि शेण बाजूला सारून १५ सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि कडेची माती तासून घ्या. सगळी घमेल्यात मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. झाडाखालची, गुरं बसण्याच्या जागेची, बांधाजवळची माती घेऊ नका. तिथे कर्ब उगाच जास्त दिसतो.

नमुन्याच्या जागा मोबाइलवर नोंदवा आणि शिवाय प्रत्येक भागात चुना फासलेला एक मोठा दगड पुरून ठेवा. मोबाइल बदलतात, दगड तिथेच असतो.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब तपासायला सांगा, आणि जमिनीत चुनखड असेल तर तसं लिहून द्या. आपल्या भागात चुनखडीत भरपूर कर्ब असतो, पण तो खनिज कर्ब. त्याचा गवताशी संबंध नाही, आणि दोन्ही मिळून मोजले गेले तर आकडा फसवतो. आपल्याकडच्या नेहमीच्या वॉकले-ब्लॅक पद्धतीत फक्त सेंद्रिय कर्ब मोजला जातो, तीच पुरेशी. कोरडवाहू माळाचा आकडा ०.५ टक्क्याच्या खाली आला तर दचकू नका, बहुतेकांचा तसाच येतो.

आणखी एक माप घरी करा. दहा सेंटिमीटर लांबीचा पाइपचा तुकडा जमिनीत ठोकून सरळ बाहेर काढा, आतली माती वाळवून वजन करा, आणि पाइपच्या आकारमानाने भागा. एका घनसेंटिमीटरला किती ग्रॅम माती बसते ते कळेल. खुरांनी दडपलेल्या मातीत हा आकडा जास्त असतो. फार गोटे असतील तर ते गाळून बाजूला मोजा, कारण गोट्यात कर्ब नसतो आणि मुरमाड माळात निम्मी जागा त्यांचीच असू शकते.

गवत किती आहे ते मोजल्याशिवाय गुरं किती ते ठरवू नका

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरताना, एक मीटर लांब-रुंद चौकट घेऊन माळावर पंधरा-वीस ठिकाणी टाका. आतलं गवत विळ्याने जमिनीलगत कापा, चार-पाच दिवस वाळवा, वजन करा, सरासरी काढा. चरलेल्या माळावर हे माप खोटं येतं, म्हणून पहिल्या पावसाळ्यात काही जागा काट्या टाकून झाकून ठेवा आणि तिथलंच गवत कापा.

समजा १० एकर म्हणजे ४ हेक्टर माळ आहे आणि सरासरी एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वाळलं गवत निघालं. हेक्टरी २ टन झालं, सगळा माळ मिळून ८ टन. निम्मं माळासाठी, म्हणजे तुमच्या वाट्याला ४ टन. साधारण ३५० किलो वजनाची खिलार गाय दिवसाला आठेक किलो सुका चारा खाते. पाच जनावरांना दिवसाला ४० किलो. म्हणजे १० एकर माळ पाच जनावरांना पुरतो फक्त १०० दिवस.

हा हिशेब पहिल्यांदा करणारा माणूस गप्प होतो, कारण आपण त्याच माळावर त्याच गुरांना वर्षाचे तीनशे दिवस हिंडवत असतो. खुरटलेल्या माळावर ८० ग्रॅम निघालं तर तेच १०० दिवस ४० होतात. उरलेल्या दिवसांचा चारा शेतातून, कडब्यातून, मुरघासातून आला पाहिजे. तो येत नसेल तर जनावरं कमी करावी लागतील. कप्प्यांच्या कुठल्याही चलाख मांडणीने हे गणित बदलत नाही.

झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांचं म्हणणं असं, की कळप दाटीने आणि भराभर हलवत चारला तर ओसाड जमिनीवर जनावरं उलट वाढवता येतात. शास्त्रज्ञांचे यावर मोठे मतभेद आहेत. कोरड्या माळावर तरी मी चौकटीतल्या वजनावर विश्वास ठेवीन.

कप्पे, कुंपण, पाणी

१० एकराचे आठ कप्पे पाडा, प्रत्येकी ५० गुंठ्यांचे. सगळे अगदी सारखे असायची गरज नाही. मुरमाड उतारावरचा कप्पा मोठा ठेवा, खोल जमिनीवरचा लहान, म्हणजे गवत सारखं येईल. उतार आडवा कापणाऱ्या रेषा बऱ्या, गुरांची पायवाट उताराच्या दिशेने पडली की तिचाच ओहळ होतो.

सगळ्या कप्प्यांना तारेचं कुंपण परवडत नाही आणि लागतही नाही. बाहेरची हद्द पक्की करा: घायपात, निवडुंग, बाभळीच्या काट्या, जमेल तिथे दगडी बांध. आतल्या रेषा चुन्याच्या दगडांनी आखा आणि गुराख्याला दाखवून द्या. डुकरांसाठी शेताला लावतात ते सौरऊर्जेवरचं झटका मशीन कोणाकडे पडून असेल तर आतल्या कप्प्याला एकच तार पुरते आणि दर पाच दिवसांनी ती हलवता येते. दोन-तीनच गाई असतील तर लांब दाव्याने खुंट्याला बांधून चारा, खुंटा रोज सरकवा. ही जुनी रीत आळीपाळीची चराईच आहे.

पाणी मात्र हवंच. गुरं रोज दोन किलोमीटर ओढ्यावर जाऊन येत असतील तर वाटेवरचं गवत दोनदा तुडवलं जातं आणि शेण ओढ्याकाठी पडतं. चार कप्प्यांच्या कोपऱ्यावर एक हौद किंवा अर्धी कापलेली टाकी ठेवा.

वर्षाचं चक्र

पहिल्या पावसापासून माळ बंद. आम्ही माणदेशी लोक आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, करतो, म्हणून मी "बेंदरापर्यंत माळ बंद" असं सांगतो. लक्षात राहतं. पण खरी खूण गवताची: सगळ्या कप्प्यांत गवत वीतभर होईपर्यंत गुरं आत नाहीत. पाऊस लांबला तर बेंदूर होऊन गेला तरी बंदच. या चार-पाच आठवड्यांसाठी कडब्याच्या दोनशे-अडीचशे पेंढ्या मार्चमध्येच वेगळ्या रचून ठेवा आणि त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. माझ्या पाहण्यात ज्यांची योजना फसली ती कप्प्यांमुळे नाही, या पेंढ्या मेमध्ये संपल्यामुळे.

वीतभर झालं की चराई सुरू. आठांपैकी दोन कप्पे त्या वर्षापुरते राखीव ठेवा, पावसाळाभर तिथे पाऊल नाही. उरलेल्या सहांत प्रत्येकी पाच दिवस. म्हणजे ३० दिवसांत फेरी पूर्ण होते आणि प्रत्येक कप्प्याला २५ दिवस विश्रांती मिळते. एका जागी पाच दिवसांहून जास्त का नाही? कारण पहिल्या दिवशी खाल्लेल्या ठोंबाला तोवर नवा फुटवा येतो, जनावर तोच शोधून खातं, आणि आधीच थकलेल्या मुळांवर दुसरा घाव बसतो. वीतभर गवत चार-पाच बोटांवर आलं की कप्पा सोडा, मग तिसरा दिवस असो की पाचवा. पाऊस उघडला आणि वाढ थांबली तर फेरी लांबवा. गुरं भराभर पुढे ढकलण्याचा मोह होतो, करायचं नेमकं उलट: चार दिवस गोठ्यात वैरण घाला, गवताला सावरू द्या.

झडीच्या दिवसांत गुरं काळ्या जमिनीच्या कप्प्यात घालू नका. शेतात आपण वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही, तोच न्याय इथे. ओल्या मातीत चार खूर नांगरापेक्षा वाईट दाबतात आणि नंतर पाणी मुरत नाही. अशा वेळी वरच्या मुरमाड कप्प्यात जा.

असे दोन फेरे झाले की दसरा. इथे थांबून मोजणी करा. वर सांगितलेल्या चौकटीचं वजन, गंजीतल्या पेंढ्या, शेतात उभा असलेला चारा, हे सगळं मांडून किती जनावरं पुढच्या जूनपर्यंत जगतील ते काढा. जास्त असतील तर आत्ताच विका. दुष्काळी वर्षी माघ-फाल्गुनात सगळेच बाजारात दावी सोडतात आणि खिलारीला कोणी विचारत नाही. चारा छावणीच्या भरवशावर राहिलेल्या माळावर मात्र उन्हाळ्यात मुळासकट गवत ओरबाडलं जातं, आणि तिथून पुढची तीन वर्षं जातात.

राखीव कप्प्यांतलं गवत बी गळेपर्यंत उभं राहू द्या. साधारण कार्तिकात बी गळतं. मग कापून गंजी रचा, पण जमिनीपासून चार बोटं धस, म्हणजे कापलेल्या गवताचे खुंट, राहील असं कापा. पुढच्या वर्षी दुसरे दोन कप्पे राखीव. चार वर्षांत माळाचा प्रत्येक तुकडा एकदा पुरता वाढतो, फुलतो, बी टाकतो. अख्खी पद्धत जमत नसेल तर निदान हे एक करा: दरवर्षी माळाचा पाव भाग राखा. जुने लोक याला कुरण राखणं म्हणायचे.

मार्गशीर्षापासून माघापर्यंत वाळकं गवत हलकं चरायला हरकत नाही, गवत झोपलेलं असल्याने मुळांना धक्का कमी बसतो. पण जमीन उघडी पडेपर्यंत नाही. फाल्गुनापासून माळ पूर्ण बंद. वळवाचा पाऊस दणका देतो आणि उघड्या मातीचा वरचा, सगळ्यात कर्बवान थर तासाभरात ओढ्याला लावतो. त्या वेळी जमिनीवर धस आणि वाळकं पान असलं पाहिजे.

वणवा: "जाळलं की फुटवा चांगला येतो" हे अर्धसत्य आहे. फुटवा हिरवागार दिसतो, पण जमिनीवरचं आच्छादन जातं आणि नेमकं वळवाच्या तोंडावर. कडेने तीन मीटरचा पट्टा कार्तिकातच कापून साफ ठेवा.

शेण

माळावर पडलेलं शेण गोवऱ्यांसाठी गोळा होत असेल तर दरवर्षी तुम्ही माळाची पोषणद्रव्यं चुलीत घालताय. मातीत १ टन कर्ब टिकायला सोबत साधारण ८० ते १०० किलो नत्र लागतं, आणि ते कुठून तरी आलं पाहिजे. म्हणून शेण तिथेच राहू द्या. पावसाळ्यात शेणकिडे ते दोन-तीन दिवसांत जमिनीत नेतात. आयव्हरमेक्टिन वर्गातलं जंताचं औषध दिलं असेल तर ते शेणातून बाहेर पडतं आणि या किड्यांच्या अळ्या मारतं. औषध दिल्यावर निदान आठ-दहा दिवस गुरं गोठ्यात ठेवा.

धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवायची आपल्याकडे रीत आहेच. राखीव नसलेल्या कप्प्यात, वाळक्या दिवसांत, एक-दोन रात्री वाडा बसवून पाहा. रात्र संपली की जागा बदलायला सांगा.

बी आणि झाडं

माळ नांगरू नका. एका नांगरटीत कित्येक वर्षांचा कर्ब हवेत जातो. विरळ जागी मारवेलचे मुळासकट ठोंब पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. राहुरी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० मिळाला तर उत्तम. पवना आणि डोंगरी गवताचं बी शेजारच्या राखलेल्या डोंगरावरून गोळा करा, माती आणि शेणात कालवून गोळ्या करा, मग टाका. नुसतं टाकलेलं बी मुंग्या नेतात. सोबत थोडा स्टायलो पेरा, तो शेंगवर्गीय असल्याने नत्र आणतो. नवं लावलेल्या कप्प्यात पहिलं वर्ष गुरं नाहीत.

झाडं मोजकीच. चार बाभळी, एखादा हिवर गुरांच्या सावलीला पुरे. माळरान म्हणजे ओसाड जागा असं समजून खड्डे घेत सुटू नये. लांडगा, माळढोक, धाविक यांचं घर उघडं गवतच आहे.

अपेक्षा किती ठेवायची

जगभरच्या अभ्यासांत गवताळ जमिनीचं व्यवस्थापन सुधारल्यावर कर्ब वाढीचा वेग हेक्टरी वर्षाला साधारण ०.१ ते १ टन दिसतो. आपल्या उथळ, कोरड्या माळावर खालचं टोक धरा, समजा ०.२ टन. एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोल, गोटे नसलेली माती साधारण १,९५० टन भरते. म्हणजे अहवालातला आकडा ०.४० वरून ०.५० व्हायला हेक्टरी २ टन कर्ब लागेल. वर्षाला ०.२ टनाने दहा वर्षं. दोन वर्षांनी परत नमुना दिलात आणि ०.४० चा ०.४६ आला तर पेढे वाटू नका, प्रयोगशाळेचा आणि नमुन्याचा फरकच तेवढा असतो. पाच वर्षांनी द्या.

४ हेक्टरांत वर्षाला ०.८ टन कर्ब म्हणजे जवळपास २.९ टन कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडची एक न दुभती गाय वर्षाला सुमारे २७ किलो मिथेन सोडते, त्याचा तापमानवाढीचा भार पाऊण टन कार्बन डायऑक्साइडइतका. पाच गाईंचा भार पावणेचार टन. म्हणजे तुमचा माळ तुमच्याच गुरांचा हिशेबही पुरा फेडत नाही. कार्बन क्रेडिटचे कागद घेऊन कोणी दारात आलं तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा, आणि वीस-तीस वर्षं जमीन बांधून घेणारं कलम आहे का ते वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका.

कर्बाच्या आकड्याआधी बदलणाऱ्या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दिसतात, त्या वहीत लिहा. शंभर पावलांतली उघड्या मातीवरची किती. कुसळीच्या मधून पवन्याचे ठोंब किती. पाइपमधल्या मातीचं वजन कमी झालं का. दसऱ्याच्या चौकटीत किती ग्रॅम. आणि पत्र्याचा बिनबुडाचा डबा जमिनीत तीन बोटं रोवून त्यात लिटरभर पाणी ओतलं, तर ते मुरायला किती मिनिटं लागली. हे शेवटचं माप पहिल्या वर्षीच, चुन्याच्या दगडाजवळ, नमुना घ्याल त्याच दिवशी करून ठेवा.